हानबाईंची तोंडी परीक्षा

हानबाई,

गेल्या शनिवारी तुमच्या चर्चमध्ये एक घडीचा कागद वाटला. एका बाजूला कोरियन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. जन्मगाव, क्रीडाशाळा, राष्ट्रीय संघात किती वर्षं, कुठल्या स्पर्धेत कितवा क्रमांक, विनिपेगला कधी आलात, जिम्नॅस्टिक्स क्लबमध्ये किती वर्षं शिकवलंत. इंग्रजी बाजू आधी माझ्याकडे बघायला पाठवली होती. मी दोन स्वल्पविराम घातले आणि परत दिली. चूक काहीच नव्हती. घरी आल्यावर रेवाने तो कागद वाचला, पुन्हा घडी घातली आणि म्हणाली, "मॉम, धिस इज समवन एल्स."

म्हणून हे वेगळं लिहायला बसले.

"हानबाई" असं मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. तोंडावर "कोच" म्हणायचे, सगळे म्हणत तसं. पण पुसदला आमच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येक स्त्रीला आम्ही बाईच म्हणत आलो. रेवा सात वर्षांची असताना तुम्ही तिचे दोन्ही खांदे धरून तिला भिंतीला पाठ लावून सरळ उभं केलंत, तेव्हापासून माझ्या मनात तुम्ही हानबाई. आपण दोघी इंग्रजीत बोलायचो. तुमचं तुटकं, माझं पुस्तकी. इथे दोन्ही मराठीत उतरवते आहे.

तुम्हाला निरोप द्यायला चर्चमध्ये मी पांढरी साडी नेसून गेले. आमच्यात तसंच जातात. बाकी सगळे काळ्या कपड्यांत होते आणि मी दारातच थबकले. तुमच्या यजमानांनी मला पाहिलं, जवळ आले आणि म्हणाले, "आमच्या गावाकडेही पूर्वी पांढरंच नेसायचे. तुम्ही बरोबर आहात, आम्ही बदललो." मग त्यांनी माझ्या हातात एक पांढरं शेवंतीचं फूल दिलं आणि ते फोटोसमोर कसं ठेवायचं ते दाखवलं. एवढंच त्या दिवशी घडलं. मी रडले नाही. रेवाही रडली नाही. ती चपला घालताना भिंतीला हात न लावता एका पायावर उभी राहिली, ते पाहून मी नजर दुसरीकडे वळवली.

तुम्ही माझ्याकडे परीक्षेचं पुस्तक घेऊन आलात, ती गोष्ट सांगते. क्लबमध्ये पालकांना काही तास मदत करावी लागते. मी गुणपत्रकं टाइप करायचे. एकदा तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात आणि विचारलंत, "तुम्ही किती शिकलात?"

"एम.एस्सी.," मी म्हणाले. "केमिस्ट्री. पाण्याच्या लॅबमध्ये नोकरी करते."

"घरात सगळे शिकलेले?"

"नाही. मी पहिली. वडील बाजार समितीत हमाल होते."

तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "मी पण पहिली. पण मी शाळेत फक्त सकाळी दोन तास बसले. तेही झोपून."

तेव्हा मला तुमची अडचण कळली. मुली जिल्ह्याच्या, प्रांताच्या स्पर्धेला जात तोवर ठीक होतं. राष्ट्रीय स्पर्धेत मुलीबरोबर फ्लोअरवर उभं राहायचं तर कोचकडे वरच्या पातळीचं सर्टिफिकेट लागतं. तुमच्याकडे ते नव्हतं. त्यामुळे तुम्ही घडवलेल्या मुली राष्ट्रीय स्पर्धेत टायलरबरोबर जात. टायलर क्लबमधला दुसरा कोच, तेव्हा सव्वीस वर्षांचा, मनाने चांगला, कॉलेजातून क्रीडाविज्ञान शिकलेला. आणि तुम्ही, जी बाई स्वतःच्या देशाकडून खेळली, ती प्रेक्षकांत. "चौथ्या रांगेत," तुम्ही म्हणालात. "तिथून मुलीचे पाय दिसतात. डोळे दिसत नाहीत. मला डोळे बघायचे."

रेवा त्या वर्षी बारा पूर्ण होणार होती आणि पुढच्या हंगामात राष्ट्रीय स्पर्धेत पोचेल असं तुम्हीच सांगितलं होतं. तुम्हाला ते सर्टिफिकेट तिच्याआधी हवं होतं. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, हे तर मला येतं. आयुष्यात दुसरं काही येवो न येवो, परीक्षा पास होणं मला येतं.

मग आपले शनिवार सुरू झाले. प्रॅक्टिस संपली की तुम्ही आमच्या गाडीतूनच घरी यायचात. आमच्या बेसमेंटच्या पायऱ्या तुम्ही आडव्या उतरत होतात, एक हात कठड्यावर ठेवून, आणि डावा गुडघा वाजायचा. त्याच गुडघ्यांवर तुम्ही एके काळी व्हॉल्टच्या, म्हणजे उडी मारायच्या घोड्यावरून हवेत जात होतात, हे मला पटवून घ्यावं लागायचं. "आमच्या वेळी घोडा होता," तुम्ही म्हणायचात. "अरुंद. आडवा ठेवलेला. आता या मुलींना डायनिंग टेबल दिलंय. तरी ओरडतात." आणि माझ्या डायनिंग टेबलावर हात ठेवून खरोखरच अंदाज घ्यायचात, की याच्यावरून जाता येईल का.

मी भाकरी आणि ठेचा करायचे. पुसदचा ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी न येणारी बाई मी कॅनडात पहिल्यांदा पाहिली. तुम्ही दुसरी भाकरी मागून घ्यायचात आणि खाताना बोलायचा नाहीत. एकदाच म्हणालात, "होस्टेलवर रोज सकाळी वजन करायचे. भात चमच्याने मोजून. पंधरा ते एकोणीस, मी भूक पाठ केली." मी पाठांतराचा विषय निघाला म्हणून खूश झाले. तुमचं वाक्य त्या वेळी मी ऐकलंच नाही, असं आता वाटतं.

लेखी परीक्षेला माझी पद्धत उत्तम चालली. आमच्या इंग्रजीच्या बाई सांगायच्या, उत्तर पक्कं पाठ असू द्या, मग प्रश्न कसाही फिरवून येवो. त्या एका सल्ल्यावर मी दहावी, बारावी, बी.एस्सी. आणि कॅनडाला येण्यासाठी दिलेली इंग्रजीची परीक्षा, सगळं पार केलं. त्या बाईंचे उपकार मी आजही मानते. तुमच्यासाठीही मी वहीत प्रश्न लिहिले, खाली आदर्श उत्तरं लिहिली, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघ मारली. तुम्ही ती वही व्हॅनमध्ये, तुमच्या किराणा दुकानाच्या काउंटरवर, मुली वॉर्मअप करत असताना, सगळीकडे वाचलीत. स्नायू, हाडं, आहार, सुरक्षितता. लेखी तुम्ही पहिल्या फटक्यात पास झालात. निकालाचा ई-मेल माझ्याच पत्त्यावर येत असे. मी फोन केला तर तुम्ही आधी विचारलंत, "माझं नाव बरोबर लिहिलंय का त्यांनी?"

नंतर तोंडी परीक्षा होती. तिथेच आपलं भांडण झालं, आणि ते संपलं नाही.

सरावाचा प्रश्न असा होता: तुमची खेळाडू व्हॉल्टकडे धावत गेली आणि भीतीने थांबली, तर तुम्ही काय कराल? मी पुस्तकांतून पाच मुद्दे काढून ठेवले होते. तिचं ऐकून घ्या. तिची भीती मान्य करा. उडीचे लहान टप्पे करा. श्वासाचा व्यायाम द्या. पुन्हा प्रयत्न करू द्या. तुम्ही वाचलंत आणि बोट पाचव्या मुद्द्यावर ठेवलंत.

"पुन्हा का?"

"कारण भीती घालवायची."

"कधी?"

"म्हणजे?"

"त्याच दिवशी?"

मी म्हणाले, तसं पुस्तकात लिहिलेलं नाही. मग तुम्ही मला सांगितलंत. एकोणीस वर्षांच्या होतात. संघनिवडीचा दिवस होता. व्हॉल्टवर तुम्ही पाठमोरी उडी घेणार होतात, ज्यात स्प्रिंगबोर्डपाशी पोचता पोचता हातांवर फिरून घोड्याकडे पाठ करायची असते, म्हणजे पुढचं काही दिसत नाही. तुम्ही धावलात आणि बोर्डापाशी थांबलात. कारण नव्हतं. दुखत नव्हतं. फक्त त्या क्षणी घोडा कुठे आहे हे कळेना. एकदा थांबलं तर आणखी एक संधी मिळते. कोचनी मान फिरवली. प्रेक्षकांत तुमचे वडील होते. मासळीचं काम करणारा माणूस, मुलीला पाहायला पहिल्यांदा समुद्राकाठून बसने आलेला. ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. "एकटेच," तुम्ही म्हणालात. "पूर्ण हॉलमध्ये एकाच माणसाच्या टाळ्या. मग मी धावले."

तुम्ही गुडघ्यावर हात ठेवलात. "इथपर्यंत करिअर."

मग मला म्हणालात, "मला परीक्षेत हे सांगायचंय. माझी मुलगी थांबली तर मी तिला खाली घेईन. त्या दिवशी उडी नाही. उद्या बघू. त्या दिवशी नाही."

आणि मी काय म्हणाले? मला शब्द न शब्द आठवतो. "कोच, हे फार वैयक्तिक आहे. परीक्षकांना मुद्दे लागतात. गोष्ट सांगितली की गुण जातात." तुम्ही वही मिटलीत. म्हणालात, "अंग मुद्दे लिहीत नाही." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. पण माझ्याकडे डिग्री होती आणि तुमच्याकडे नव्हती, आणि तुमच्या माझ्यासारख्यांच्या घरात त्या गोष्टीला फार मान असतो. तुम्ही पाचही मुद्दे पाठ केलेत.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, एखादी मुलगी घोट्याचं दुखणं लपवते आहे अशी शंका आली तर काय कराल? तुम्ही भीतीचं उत्तर सुरू केलंत. पहिल्या मुद्द्यापासून. परीक्षकांनी तुम्हाला थांबवून प्रश्न पुन्हा वाचला. तुम्ही पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून सुरू केलंत. हे मला तुम्हीच गाडीत सांगितलंत आणि सांगताना हसायला लागलात. "दुखऱ्या घोट्याला मी श्वासाचा व्यायाम दिला," तुम्ही म्हणालात. "मग म्हटलं, पुन्हा प्रयत्न कर." मीही हसले. मला माझी एम.एस्सी.ची व्हायवा आठवली. तिथे मीही असंच, विचारलं एक आणि सांगितलं दुसरं, पण आमच्या परीक्षकांना पाठांतर आवडलं होतं.

इथल्या परीक्षकांना आवडलं नाही. निकालात लिहिलं होतं की उत्तरं पाठ केलेली वाटतात, खेळाडूशी असलेलं नातं दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा यावं. मी ते तुम्हाला वाचून दाखवताना दुसरं वाक्य गाळलं. आज सांगते. मी ते गाळलं, कारण ते तुमची गोष्ट वगळणाऱ्या माझ्या वहीबद्दल होतं.

त्या सहा महिन्यांतच मॉन्ट्रियलची राष्ट्रीय स्पर्धा आली.

त्याआधीच्या हिवाळ्यातलं एक सांगायचं राहू नये. आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना मी आपटले आणि मनगट सुजलं. त्या शनिवारी तुम्ही अभ्यासाला बसायच्या आधी मला बेसमेंटमध्ये गालिच्यावर उभं केलंत आणि पडायला शिकवलंत. त्रेचाळिसाव्या वर्षी. "हात मागे टाकायचा नाही. हनुवटी आत. गोळा व्हा आणि लोळा." मी पडत नव्हते, बसत होते. तुम्ही म्हणालात, "तुम्ही पडायला लाजता. ही शिकलेल्या माणसांची खोड." रेवा पायरीवर बसून व्हिडिओ काढत होती. दहाव्या खेपेला मी नीट पडले आणि तुम्ही शिकवणाऱ्या बाईसारखं "गुड" म्हणालात, एकदाच, कोरडेपणाने. मला जेवढी प्रशस्तिपत्रकं मिळाली त्यांत हे मी धरते.

मॉन्ट्रियलला आपण दोघी शेजारी बसलो होतो. चौथ्या नाही, सहाव्या रांगेत. हॉलमधल्या घोषणा आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत. खाली फ्लोअरवर रेवा, तेरा वर्षांची, आणि तिच्याबरोबर टायलर. बार चांगले झाले. बीमवर ती एकदा डगमगली. मग व्हॉल्ट. वॉर्मअपमध्ये तिच्या दोन्ही उड्या वाकड्या गेल्या होत्या. तुम्ही माझ्या शेजारी पुढे वाकून बसलात आणि म्हणालात, "पाय बघा. पाय बोलतायत." मला पायांत काही दिसलं नाही.

ती धावली आणि बोर्डापाशी थांबली.

हॉलमध्ये काही जणांनी अरेरे केलं. टायलरने टाळी देऊन तिला परत धावपट्टीच्या टोकाला पाठवलं. त्याचे ओठ दिसत होते, "यू गॉट धिस." आणि मी उठले. हानबाई, मला तुमची गोष्ट माहीत होती. त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी फक्त मला माहीत होती. तरीही मी उठले आणि पूर्ण आवाज लावून ओरडले, "जा रेवा. जा, जा."

एवढ्या लांबून आलो होतो. एवढी वर्षं पहाटे गाडी गरम करून तिला सोडलं होतं. माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. ज्या पोरीची आई हमालाच्या घरातून परीक्षा देत देत इथवर आली, तिने एका पाटापाशी थांबून माघारी यायचं, हे मला समजत नव्हतं.

तुम्ही बाकावर चढलात. त्या गुडघ्याने. आणि दोन्ही हात छातीवर फुलीसारखे आडवे धरलेत. ओरडला नाहीत. रेवाने वर पाहिलं. तिला आपण दोघी एकाच वेळी दिसलो असणार, एक जा म्हणणारी आणि एक नाही म्हणणारी. तिने परीक्षकांकडे पाहून हात वर केला, आणि धावपट्टीवरून बाजूला उतरली. फलकावर शून्य आलं. एक स्वयंसेवक येऊन तुम्हाला फ्रेंचमध्ये खाली बसायला सांगून गेला. तुम्हाला कळलं नाही, पण तुम्ही बसलात.

मी म्हणाले, "सगळ्या देशासमोर शून्य."

तुम्ही म्हणालात, "शून्य आपल्या पायांनी चालत घरी येतं."

"एका वर्षाची मेहनत होती तिची."

"माझी पण."

"ती माझी मुलगी आहे, कोच."

तुम्ही याला उत्तर दिलं नाहीत. द्यायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. उत्तर नसल्याचा मी माझ्या बाजूने अर्थ काढला.

विनिपेगला परत आल्यावर मी रेवाला प्रॅक्टिसला सोडत राहिले, पण वर काचेमागच्या गॅलरीत बसायला गेले नाही. गाडीतच हीटर लावून बसायचे. तुमचे शनिवार बंद झाले. तुम्ही विचारलं नाहीत, मी बोलावलं नाही. घरी मी रेवाला एकदा म्हणाले, "त्यांनी हात केला नसता तर तू गेली असतीस ना?"

"हो," रेवा म्हणाली.

"मग?"

"मॉम, आय डिडंट नो व्हेअर द टेबल वॉज."

मी भांडी घासत होते. घासत राहिले. त्याच दिवशी तुमच्याकडे यायला हवं होतं. आले नाही. दोन महिने आले नाही. माणूस शिकला की त्याला चूक समजायला वेळ लागत नाही, ती कबूल करायला लागतो. निदान मला लागतो.

त्या काळात तुम्ही तोंडी परीक्षेची पुन्हा तयारी करत होतात, हे मला नंतर कळलं. वही न घेता. मुलींच्या पाणी प्यायच्या सुट्टीत तुम्ही रेवाला शेजारी बसवून आपली गोष्ट इंग्रजीत सांगायचात, रोज थोडी. रेवाने काही लिहून दिलं नाही, दुरुस्त केलं नाही. नुसतं ऐकलं. एखादा शब्द अडला तर द्यायची. "घोडा" तुम्ही शेवटपर्यंत घोडाच म्हणालात, असं ती म्हणते.

निकाल माझ्याच ई-मेलवर आला, कारण पत्ता तुम्ही बदलला नव्हता. कदाचित बदलायचा कसा हे माहीत नसेल. कदाचित माहीत असूनही बदलला नसेल. मी लॅबमधून अर्धी रजा घेऊन तुमच्या दुकानात आले. तुम्ही काउंटरमागे स्टुलावर बसून मुळ्यांच्या जुड्या बांधत होतात. मी फोन पुढे धरून वाचलं. पास. खाली परीक्षकबाईंनी एक ओळ लिहिली होती, की उमेदवाराने दिलेलं उत्तर त्या बरेच दिवस विसरणार नाहीत. या वेळी मी काहीही गाळलं नाही.

"पुन्हा वाचा," तुम्ही म्हणालात.

मी पुन्हा वाचलं.

"नाव?"

"बरोबर आहे. हान यॉन-सुक."

तुम्ही मुळा बांधायचं थांबवलंत. मी माफी मागायला आले होते. वाक्य तयार होतं, गाडीत तीनदा म्हणून पाहिलं होतं. म्हणजे तेही पाठ करूनच आणलं होतं, आणि ते लक्षात आल्यावर मला तोंड उघडवेना. शेजारी एक गिऱ्हाईक तांदळाची पोती बघत होतं. मी म्हणाले, "ही जुडी केवढ्याला?" तुम्ही म्हणालात, "घेऊन जा. भाकरीबरोबर खा." मी मुळा घेऊन बाहेर आले. पुढच्या शनिवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात आणि दोन भाकऱ्या खाल्ल्यात. अभ्यास संपला होता, तरी आलात. त्यानंतर येतच राहिलात. मॉन्ट्रियलचा विषय आपण दोघींनी पुन्हा काढला नाही. तुम्ही मला माफ केलं होतं की तुम्ही तो विषय माफीचा मानतच नव्हतात, हे मला ठाऊक नाही. विचारायला वर्षभर होतं. मी विचारलं नाही.

मागच्या वसंतात राष्ट्रीय स्पर्धा आपल्याच शहरात झाली. तुमच्या गळ्यात पट्टी आणि कार्ड, अंगावर क्लबचा ट्रॅकसूट, तो तुम्हाला सैल झालेला. दारात सुरक्षारक्षकाने कार्ड पाहिलं आणि बाजूला झाला. तुम्ही लगेच आत गेला नाहीत. त्याला कार्ड पुन्हा नीट दाखवलंत, दोन्ही बाजू. मग फ्लोअरवर पाय ठेवलात. मी वर होते, गॅलरीत, एकटी.

रेवाने त्या वर्षी व्हॉल्ट सोडला होता. तिने स्वतः ठरवलं, तुम्ही "ठीक" म्हणालात, मी काही म्हणाले नाही. ती बीम आणि बार करणार होती. पण ज्या मुली एका गटात असतात त्यांना प्रत्येक साधनापाशी एकत्र जावं लागतं, उडी मारायची असो वा नसो. त्यामुळे व्हॉल्टच्या पाळीला रेवाही गटाबरोबर चालत गेली आणि धावपट्टीच्या कडेला खुर्चीवर बसली. बाकीच्या मुली दुसऱ्या क्लबच्या होत्या, त्यांचे कोच होते. तुम्हाला तिथे काही काम नव्हतं. तुम्ही शेजारची खुर्ची ओढलीत आणि तिच्याजवळ बसलात.

एवढ्या खटपटीने मिळवलेली जागा, आणि तुम्ही तिथे उडी न मारणाऱ्या मुलीशेजारी बसून राहिलात. मुली एकामागून एक धावत होत्या, बोर्ड वाजत होता. तुम्ही रेवाच्या कानाशी काहीतरी बोलत होतात. बराच वेळ. मधेच ती तुमच्याकडे वळली आणि हसली, मग हसायची थांबली आणि नुसती ऐकत राहिली. तुम्ही बोलताना समोर पाहत होतात, व्हॉल्टकडे. एकदा तुम्ही हाताने हवेत लहानशी उडी काढून दाखवलीत. वरून मला तुमचे दोघींचे डोळे दिसत नव्हते.

डॉक्टरांनी तुम्हाला पोटातल्या दुखण्याचं नाव त्याच आठवड्यात सांगितलं होतं, हे मला जूनमध्ये कळलं. तुम्ही मला सांगितलंत तेव्हा भाकरी अर्धी झाली होती आणि ती तुम्ही पूर्ण केलीत. त्यानंतरचे महिने मी इथे लिहीत नाही. ते तुमच्या यजमानांचे आहेत.

त्या दिवशी स्पर्धा संपल्यावर मी आणि रेवा घरी निघालो. विंटर टायर अजून काढले नव्हते, कोरड्या रस्त्यावर त्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, "व्हॉल्टपाशी बसून काय एवढं बोलत होतात दोघी?"

"स्टफ."

"म्हणजे काय?"

"मॉम. शी टोल्ड मी. नॉट यू."

पुढच्या सिग्नलला मी गाडी थांबवली. मग विचारलं, "पण तुला कळलं का? त्या काय म्हणाल्या ते सगळं?"

"येस," रेवा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ऑल ऑफ इट."